टर्मिनलवर मराठी नावांच्या जागी आकडे दिसतात तेव्हा: फाइली बदलण्याआधी बाइट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजच्या लॅपटॉपवरून पुटीने (दूरच्या मशीनचं टर्मिनल दाखवणारा प्रोग्रॅम) ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर लॉगिन केलं, की गावांच्या नावांनी ठेवलेल्या फाइली एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) नीट दिसत नाहीत. त्यांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा (बॅकस्लॅश) आणि तीन-तीन आकड्यांची लांब माळ येते. कुणीतरी सुचवलं म्हणून बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एलसी_ऑल या व्हेरिएबलला मराठी लोकेल (भाषा, तारखा आणि अक्षरसंच ठरवणारी सेटिंग) देऊन पाहिलं. तेव्हापासून दर लॉगिनला ‘लोकेल बदलता येत नाही’ असा इशारा येतो आणि आकडे आहेत तिथेच आहेत. आता विचारलंय, की सगळ्या फाइली आयकॉन्व्हने (मजकूर एका अक्षरसंचातून दुसऱ्यात नेणारी कमांड) एकदाच बदलून टाकू का?

नका बदलू. आयकॉन्व्ह नको, फाइलींची नावं बदलणारा कॉन्व्हएमव्ही नको, आज त्या फाइलींना हातच लावू नका. तुमच्या फाइली धडधाकट आहेत. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तुम्ही नमुना म्हणून दिलेल्या ओळीवरूनच सांगतेय.

(एक खुलासा: कमांड आणि व्हेरिएबलची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.)

तुमच्या ओळीची सुरुवात ३४०, २४४, २२५, ३४०, २४५, २०१ अशी आहे. हे अष्टमान (आठ अंकांच्या) पद्धतीतले आकडे. त्यांचे षोडशमान (सोळा अंकांचे, जिथे दहा ते पंधराला ए ते एफ लिहितात) केले की ई०, ए४, ९५ आणि ई०, ए५, ८१ असे सहा बाइट मिळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीला ०९०० ते ०९७एफ ही १२८ जागांची पट्टी दिलेली आहे, आणि ते क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. त्या हिशेबाने ई०-ए४-९५ म्हणजे क, आणि ई०-ए५-८१ म्हणजे ऱ्हस्व उकार. झालं ‘कु’. पुढचे बाइट मोजत गेले तर नाव कुर्डुवाडी निघालं. एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नाही. बिघाड फाइलीत नाही, त्या वाचून दाखवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी समजुतीत आहे.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. टर्मिनलवर एक अक्षर नीट उमटायला तिघांचं एकमत लागतं: डिस्कवरचे बाइट, ते वाचणारा एलएस किंवा (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या) लेससारखा प्रोग्रॅम, आणि तुमच्या समोरची पुटीची खिडकी. युनिक्सला फाइलीचं नाव म्हणजे निव्वळ बाइटची रांग. तिरकी रेघ (स्लॅश) आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालतं. ते नाव कोणत्या अक्षरसंचात लिहिलंय याची नोंद डिस्कवर कुठेही होत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून यूटीएफ-८ ची रचना केली, तेव्हा याच गोष्टीची काळजी घेतली. आस्कीबाहेरच्या (साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं सोडून बाकीच्या) अक्षराचा एकही बाइट आस्कीच्या पट्टीत येत नाही, त्यामुळे मराठी नावाच्या पोटात चुकून तिरकी रेघ सापडणं शक्य नाही. म्हणून कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) काही कळत नसूनही आपल्या फाइली इतकी वर्षं सुखरूप राहतात.

मग लोकेल काय करतं? मधल्याला, म्हणजे प्रोग्रॅमला, एवढंच सांगतं की येणारे बाइट अमुक संचातले समज. लोकेल कशाचंही रूपांतर करत नाही, आणि ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मे घोळ तिथेच मिटतात. तुमच्या एलएसला कुणी काही सांगितलं नाही, तेव्हा तो ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलवर गेला. त्यात फक्त आस्की. आस्कीपलीकडचा बाइट छापण्याजोगा नाही असं धरून त्याने आकडे दाखवले. २०१६ च्या आधीचा एलएस याच जागी दर बाइटला एक प्रश्नचिन्ह छापायचा, म्हणजे एका ‘म’ला तीन. लेस असेल तर कोनी कंसात ई०, ए४ अशी उलट्या रंगातली जोडाजोड दिसते. तिन्हींचा अर्थ एकच.

आता तुमचा इशारा. मराठी लोकेल मागितलं खरं, पण त्या सर्व्हरवर ते तयारच केलेलं नव्हतं. न सापडलेल्या लोकेलला पर्याय म्हणून बॅश परत ‘सी’वरच येतो. त्यामुळे दुरुस्ती केल्यासारखं वाटलं आणि स्थिती होती तीच राहिली.

खात्री करायला ‘लोकेल चारमॅप’ चालवा. उत्तर यूटीएफ-८ आलं तर प्रोग्रॅमची बाजू ठीक आहे. एएनएसआय_एक्स३.४-१९६८ असं काहीतरी आलं तर घाबरू नका, ते आस्कीचंच सरकारी नाव आहे. तुमच्याकडे हेच येणार.

दुरुस्ती दोन वाटांनी होते. लवकरची वाट: बॅशआरसीतली एलसी_ऑलची ओळ काढा आणि लँग या व्हेरिएबलला सी.यूटीएफ-८ द्या. हे लोकेल उबुंटू आणि डेबियनवर आधीपासून असतं, आणि मूळ जीलिबसीमध्येही (लिनक्सवरचे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) २०२२ च्या २.३५ आवृत्तीपासून आलंय. दुसरी वाट: ईटीसीमधली लोकेल.जेन फाइल उघडा, एमआर_आयएन (मराठी, भारत) ची ओळ शोधा, पुढचं हॅशचं चिन्ह काढा, लोकेल-जेन चालवा, मग अपडेट-लोकेलने लँग ठरवा. शोधताना एक अडचण हमखास येते. यादीत ते नाव ‘एमआर_आयएन’ इतकंच आहे, यूटीएफ-८ हा शब्द एक जागा सोडून पुढे आहे. ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ असं सलग शोधणाऱ्याला वाटतं की मराठी नाहीच. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घरात ही फाइल नसते. तिथे जीलिबसी-लँगपॅक-एमआर हे पॅकेज टाकून लोकेलसीटीएलने लँग ठरवायचं.

यातलं कोणतं घ्यायचं हे मशीन कुणाचं आहे त्यावर ठरतं. स्वतःच्या लॅपटॉपवर मी मराठी लोकेल वापरते. डेट कमांडने वार आणि महिना मराठीत सांगितला की बरं वाटतं. पण चार जणांच्या सर्व्हरवर मी सी.यूटीएफ-८ किंवा ईएन_आयएन (इंग्रजी, भारत) याच्या पुढे जात नाही. तिथे कुणाची तरी जुनी स्क्रिप्ट डेटच्या उत्तरातून इंग्रजी महिन्याची तीन अक्षरं कापत बसलेली असते. मराठी लोकेल दिल्यावर अशा स्क्रिप्ट कोणतीही ओरड न करता चुकतात, आणि ते कळायला महिना लागतो. मराठी अक्षरं दिसण्यासाठी मराठी लोकेल लागत नाही, यूटीएफ-८ लागतं. या दोन वेगळ्या गरजा आहेत.

एलसी_ऑल मात्र कोणत्याच परिस्थितीत बॅशआरसीत नको. क्रम असा: एलसी_ऑल सगळ्यांच्या वर, त्याखाली एलसी_सीटाइप, एलसी_कोलेट, एलसी_टाइम असे एकेका विषयाचे, आणि यांपैकी काहीच नसेल तर लँग. वरच्याला कायमचं बसवलं की खालच्यांपैकी कुणाचंच चालत नाही. मी ते फक्त एका कमांडपुरतं, तिच्या पुढे लावून वापरते. उदाहरणार्थ, दोन याद्या जॉइन किंवा कॉम या कमांडने ताडायच्या असतील तर दोन्ही सॉर्ट एलसी_ऑल बरोबर सी असं देऊनच करायच्या. दोन वेगळ्या लोकेलमध्ये लावलेल्या याद्या जुळत नाहीत. ‘सी’चा क्रम मात्र युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे येतो: त्यात ळ हा लगेच ल च्या मागे बसतो, आपल्या वर्णमालेतल्यासारखा ह नंतर नाही, आणि क्ष क च्या घरात जातो. लोकांना दाखवायच्या यादीला हा क्रम वापरू नका. सर्व्हरवर पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस असेल तर आणखी एक: २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये जुळणीचे नियम बदलले. त्या सीमेवरून सिस्टीम पुढे नेली असेल तर मजकुराच्या इंडेक्सांवर रीइंडेक्स चालवलंय का ते विचारा.

तिसरा गडी म्हणजे पुटी. विंडो, त्याखाली ट्रान्सलेशन, तिथे रिमोट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ हवा. जुन्या साठवलेल्या सेशनमध्ये तो दुसराच निघू शकतो, आणि सेशन बदलून परत सेव्ह केल्याशिवाय टिकत नाही. इथे चूक असेल तर चित्र वेगळं दिसतं. ‘म’चे बाइट ई०, ए४, एई. लॅटिन-१ (जुना पश्चिम युरोपीय अक्षरसंच) समजून वाचले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, मग चार टोकं फुटलेलं चलनाचं वर्तुळ, मग वर्तुळातला आर. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला तोच रेघवाला ए परत परत येत असेल, तर ते देवनागरीच आहे, खिडकी चुकीच्या समजुतीत आहे, एवढं न मोजता सांगता येतं. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसलं तर उलट: खिडकी यूटीएफ-८ ची वाट बघतेय आणि बाइट दुसरेच येताहेत. आणि रिकामे चौकोन दिसले तर सगळं बरोबर आहे, फक्त फाँट नाही.

आता आयकॉन्व्हची भीती का घातली ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात गावांची यादी होती, साधारण अशीच. पडद्यावर ते रेघवाले ए दिसत होते. मी धरून चालले की मजकूर विंडोज-१२५२ मध्ये (लॅटिन-१ चा विंडोजमधला भाऊ) आहे, आणि त्यातून यूटीएफ-८ मध्ये आयकॉन्व्ह चालवला. मध्येच तो अडायला लागला म्हणून त्याला उणे सी हा पर्याय दिला, म्हणजे जमत नाही ते गाळ. मजकूर मुळात यूटीएफ-८ च होता, फक्त खिडकी चुकीची होती.

असा दोनदा यूटीएफ-८ झालेला मजकूर एरवी परत आणता येतो. तीन बाइटचे सहा-सात झालेले असतात, ‘म’चे सी३-ए०, सी२-ए४, सी२-एई होतात, उलटा आयकॉन्व्ह केला की मूळ तीन हाती लागतात. पण विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि मराठीचं दुर्दैव असं की ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे आणि हलंताचा ८डी. दोन्हींच्या आधीचे बाइट सारखेच, ई०-ए५. शेवटचा गाळला गेला की मागे उरलेल्या दोघांकडे बघून ते उकार होतं की पाय मोडलेला, हे कोणत्याही प्रोग्रॅमला कळायला मार्ग नाही. तसंच ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदूचं: चौघांचे पहिले दोन बाइट ई०-ए४, चौघांचा तिसरा गेलेला. कुर्डुवाडीत अशी तीन भोकं पडली: क ला, र ला आणि ड ला. तुम्ही-आम्ही ते नाव ओळखतो, कारण ते आपल्याला माहीत आहे. ज्या वाडीचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही तिथे काय भरायचं? मूळ फाइलीवरच लिहिलेलं होतं आणि बॅकअप जुना होता. छापील यादी पुढ्यात घेऊन आम्ही दोघांनी आठ दिवस ती नावं एकेक करून भरली. म्हणून सांगते, बाइट बघितल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही. ओडीला (बाइट दाखवणारी कमांड) उणे एएन उणे टीएक्स१ देऊन पहिली ओळ बघा, किंवा व्हिममध्ये अक्षरावर उभं राहून जी आणि ८ दाबा. ई०-ए४, ई०-ए५ असा ताल दिसला तर मजकूर बरोबर आहे.

यातला एक अपवाद मराठी माणसाला पाठ हवा. जुन्या डीटीपीतून आलेली फाइल असेल, श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा फाँटांतली, तर बाइटमध्ये ई०-ए४ असा ताल नसतो. साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना मराठीचा चेहरा देत होता. तिथे लोकेल, पुटी, आयकॉन्व्ह यांपैकी काहीच कामाचं नाही. त्या त्या फाँटसाठी केलेलं रूपांतर वापरावं लागतं.

सेटिंग बरोबर केल्यावरही चार ठिकाणी जुनंच चित्र दिसेल, ती आधीच सांगून ठेवते. टीमक्समध्ये (एका लॉगिनमध्ये अनेक शेल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) काम करत असाल तर आतल्या शेलना जुनंच लोकेल धरलेलं असतं, ते बंद करून नव्याने सुरू करा. शिवाय टीमक्स लोकेलचा अर्थ बघत नाही, नावात यूटीएफ-८ हे शब्द आहेत का तेवढंच बघतो. नुसतं एमआर_आयएन हे नाव दिलंत तर लोकेल यूटीएफ-८ चं असूनही मराठीच्या जागी अधोरेषा येतील. म्हणून व्हेरिएबलमध्ये मागचं यूटीएफ-८ जोडून लिहा, जीलिबसीला दोन्ही नावं चालतात. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) तुमचं बॅशआरसी वाचत नाही, तेव्हा रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये लँग स्वतः लिहा. डॉकरच्या कंटेनरमधल्या डेबियनला मुळात लँग दिलेलंच नसतं. पायथन ३.७ पासून अशा वेळी स्वतःहून यूटीएफ-८ धरतो, बाकीचे सगळे धरतातच असं नाही. आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल आणि गिट स्टेटसमध्ये ३४०, २४४ दिसत राहिले तर लोकेलला दोष देऊ नका. गिट लोकेल न बघताच आस्कीबाहेरची नावं अशी लिहितो. कोअर.कोटपाथ फॉल्स केलं की थांबतो.

सहकाऱ्यांपैकी कुणी मॅकवरून येत असेल तर त्याचा इशारा तुमच्यासारखा दिसेल, कारण मात्र दुसरं आहे. मॅकचं टर्मिनल कधी कधी एलसी_सीटाइपला नुसतं यूटीएफ-८ देतं, एसएसएच ते सर्व्हरकडे पोचवतं, आणि लिनक्सवर त्या नावाचं लोकेल नाही. त्याच्याच टर्मिनलच्या पसंतीत सुरुवातीला लोकेल व्हेरिएबल ठरवण्याची खूण काढायची.

आकडे गेल्यावर नावं दिसतील, पण जोडाक्षरं फुटलेली दिसू शकतात: कुर्डुवाडीतला रफार ड च्या डोक्यावर न चढता र च्या पायाखाली हलंत. तेही बिघाड समजू नका. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक ठरलेला रकाना देतं, आणि देवनागरी रकान्यांत बसणारी लिपी नाही. काना एक रकाना घेतो की शून्य, यावरही प्रोग्रॅमचं एकमत नाही, म्हणून ओळ संपादित करताना कर्सर एखादं घर पुढेमागे उभा राहतो. एमएलटर्म अशा लिप्या डोळ्यांपुढे ठेवून केलेलं टर्मिनल आहे, त्यात पुष्कळ बरं दिसतं. सर्व्हरच्या स्वतःच्या काळ्या कन्सोलवर मात्र प्रयत्न सोडून द्या, त्याच्या फाँटात ५१२ पेक्षा जास्त आकार बसत नाहीत.

आणि सगळं दिसायला लागल्यावर एखाद्या फाइलीचं नाव हाताने टाइप केलं तर ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येईल. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: पायाखाली टिंब असलेला ऱ, हलंत, य, किंवा साधा र, हलंत, मग अदृश्य जोडचिन्ह, आणि य. डोळ्यांना एकच, बाइट वेगळे, आणि युनिकोडच्या नियमांत ते समान मानलेले नाहीत, त्यामुळे नॉर्मलाइझ (सगळ्यांना एकसारखं रूप) करूनही जुळत नाहीत. ‘ॲ’चं तसंच. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली, त्याआधीचे आणि आजचेही कितीतरी कीबोर्ड अ वर चंद्र ठेवून काम भागवतात. गावांच्या फाइली तीन जणांनी तीन कीबोर्डवरून केल्या असतील, तर एकाच गावाच्या दोन फाइली सापडण्याची तयारी ठेवा. नाव टाइप करण्यापेक्षा टॅब दाबून पूर्ण करून घ्या.

तर आज एवढंच करा: बॅशआरसीतली ती ओळ काढा, लँगला सी.यूटीएफ-८ द्या, पुटीचं ट्रान्सलेशन बघा, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, ‘लोकेल चारमॅप’ बघा आणि मग एलएस. तरीही एखाद्याच फाइलीचं नाव वेडंवाकडं राहिलं, तर ते नाव ओडीतून काढून त्याचे पहिले बारा बाइट इथे टाका. फाइल आहे तशीच राहू द्या.